पामीर जहाजाचं प्लास्टिक मॉडेल किट: माल भारी, पण दोऱ्यानं जीव घेतला

पाचपैकी साडेतीन स्टार. १:१५० स्केल, जुळून झालं की अडीच फूट लांब, चार डोलकाठ्या, अन् बारीक पार्ट एवढे की घरात लहान पोट्टे असतील तर विचार करूनच मागवा राजेहो.

आता वणीकडच्या माणसाले समुद्राच्या जहाजाचं याड काऊन? तर कोळसा. आमच्याकडं कोळसा म्हणजे रेल्वेची साइडिंग, डंपर अन् अंगणातली काळी धूळ. कोळशाच्या आगबोटी आल्या अन् शिडाची जहाजं संपली एवढंच आपल्याला माहीत असते, पण गंमत अशी की त्या आगबोटींना लागणारा वेल्सचा कोळसा दूरदूरच्या बंदरांवर नेऊन टाकायला बरीच वर्षं शिडाचीच जहाजं होती, कारण वारा फुकट! पामीर १९०५ चं, हॅम्बुर्गला बांधलेलं, चिलीचं नायट्रेट आणायला. आपण युरिया टाकतो तसं तिकडं तवा ते टाकत.

किटमधल्या माहितीपत्रकात बांधणी हाये, १९५७ चं बुडणं हाये (वादळात सैल बार्ली एका अंगाला सरकली, ८६ पैकी फक्त ६ वाचले), पण मधलं पेनार्थ, जिथं हे जहाज पडून होतं, ते गायबच. मले तर तेच पाहिजे होतं. वेल्समधल्या कार्डिफजवळची ही कोळशाची गोदी १८६५ ची. शेजारच्या बॅरीतून १९१३ साली १ कोटी १० लाख टनांवर कोळसा गेला, अन् मंग जहाजं तेलावर गेली, बाहेरची गिऱ्हाइकं तुटली, १९३६ ला पेनार्थचा कोळशाचा धंदा बंद. अन् १९४९ ला ऑस्ट्रेलियाचं धान्य घेऊन केप हॉर्नला (दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक) वळसा घालून आलेली शेवटची दोन मालवाहू शिडाची जहाजं, पामीर अन् पासाट, मंग त्याच रिकाम्या गोदीत पडून राहिली. १९५१ ला भंगारात चाललीच होती, एका जर्मन मालकानं वाचवली. एवढं एक पान छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाकी हल, म्हणजे जहाजाचं धड, एकदम नीट, दोन्ही अर्धे जुळवले तर मध्ये नखही जात नाही. शिडं पातळ पांढऱ्या प्लास्टिकची, मी लावलीच नाही, बंदरात उभं जहाज म्हणून तसंच बरं दिसते. दोरा मात्र बकवास, तंतू निघालेला, प्रत्येक गाठीला केसासारखे उभे. शेवटी शिवणकामाचा काळा दोरा घेतला, मधाच्या पोळ्याच्या मेणावरून ओढला, मंग कुठं ताठ बसला. कुरिअरवाल्यानं खोका दाबला होता त्यानं एक डोलकाठी वाकडी आली, गरम पाण्यात धरून सरळ केली. विकणाऱ्यानं मेसेजचा जवाबही दिला नाही.

अन् एक, एप्रिल-मेमध्ये मागवू नका. आपल्या उन्हात टिनाच्या खोलीत डोलकाठ्यांवरचे आडवे दांडे मेणबत्तीवानी वाकतात, अन् गोंद ब्रशवरच सुकते. दिवाळीनंतर घ्या.