नाना पेठेतली पायपेटी-दुरुस्ती: काम चोख, घाई असेल तर जाऊ नका

पुण्यात हातपेटी दुरुस्त करणारे हवे तितके सापडतात. पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन, उघडायला मात्र सहसा कोणी धजावत नाही. जे धजावतात त्यांच्यातल्या काहींनी ती न उघडलेलीच बरी. क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरल्यावर एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे वर्कशॉप आहे. पाटी नाही. ‘पाळकसाहेबांकडे जायचंय’ म्हटलं की आसपासचे लोक बोट दाखवतात.

हे नाव गंमतीने पडलेलं नाही. चालवणारे गृहस्थ वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खरोखरच पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होते. धर्मशास्त्राची बी. डी. पदवी घेतलेले, पाळकपदाची रीतसर दीक्षा मिळालेले, आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांपासून पुण्यापर्यंत दर काही वर्षांनी बदली झालेले. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं, त्यामुळे तिथल्या जुन्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशा अमेरिकन कंपन्यांच्या पायपेट्या आजही सापडतात. मिशनरी दौऱ्यावर नेत असत ती बिलहॉर्न कंपनीची घडीची पेटीही कुठे कुठे माळ्यावर पडलेली असते. पेटी बिघडली की मंडळीचे, म्हणजे त्या चर्चचे, लोक पाळकाकडेच बघायचे, कारण तालुक्यात दुसरं बघण्यासारखं कोणी नसायचं. स्क्रूड्रायव्हर हातात आला तो असा.

पाळकाने मध्येच काम सोडणं हे नोकरी बदलण्याइतकं सुटसुटीत नसतं. राहायचं घर मंडळीचं असतं, म्हणजे राजीनाम्याबरोबर घरही सुटतं. बी. डी.च्या पदवीला बाहेरच्या बाजारात भाव नसतो. आणि ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला, ते लोक रस्त्यात भेटले की ‘का सोडलंत?’ विचारतात, ते वेगळंच. या गृहस्थांनी एका पेटीवाल्याकडे दोन वर्षं पगारावर बसून भात्याचं आणि रीडचं, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभांचं, काम नीट शिकून घेतलं आणि मग स्वतःचं सुरू केलं. सोडण्याचं कारण विचारू नये, ते सांगत नाहीत. कामाचं मात्र काहीही विचारा, नको इतकं सांगतात.

सेवेबद्दल. पेटी थेट वर्कशॉपमध्ये नेऊ नका. आधी ते स्वतः येऊन बघतात. त्याचे 600 रुपये, आणि शहराबाहेर असेल तर प्रवासखर्च वेगळा. झाकण उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फक्त प्रश्न: पेटी कुठल्या भिंतीला टेकून आहे, त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, रोज वाजते की फक्त रविवारी, वाजवणारा कोण, आधी कोणी हात लावला होता. वेळ फुकट जातोय असं वाटतं, पण निम्मं निदान इथेच होतं. जून ते सप्टेंबर पट्ट्या दाबल्यावर वर येत नसतील आणि दिवाळीनंतर आपोआप सुटत असतील, तर दोष पेटीचा नाही, जागेचा आहे. पट्टीखालच्या पिनेभोवतीची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ओलीने फुगते. अशा वेळी ते बनात चिमट्याने हलकी दाबून देतात, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगतात आणि निघतात. दुसरा एखादा याच कामासाठी सगळ्या पट्ट्या तासून ठेवतो. मग हिवाळ्यात त्याच पट्ट्या खुळखुळतात.

भात्याची परीक्षा घरीही करता येते. सगळे स्टॉप (रीडचे संच चालू-बंद करणारे खुंटे) बंद करून पेडल चार-पाच वेळा मारायचं आणि पाय काढून घ्यायचा. अमेरिकन पायपेटी हवा आत ओढणारी असते, त्यामुळे मुख्य भाता मिटतो आणि आतल्या स्प्रिंगा त्याला सावकाश उघडतात. अर्धा मिनिट तरी लागला तर भाता ठीक. दोन-तीन सेकंदांत उघडला तर गळती आहे, आणि ती बहुतेक वेळा घड्यांच्या कोपऱ्यांवर असते, कारण रबरी कापड तिथेच आधी कडक होऊन चिरतं. चिरांवर चिकटपट्ट्या लावलेल्या बऱ्याच पेट्या त्यांच्याकडे येतात. पट्टी महिनाभर टिकते, चिर शेजारून पुढे सरकते. पूर्ण कापड बदलण्याचे पेटीच्या आकारानुसार 14 ते 18 हजार पडतात. महाग वाटतं, पण ते सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना डिंक, वापरतात, फेव्हिकॉल नाही. रात्रभर पाण्यात भिजवलेला सरस साठेक अंशांवर ठेवून गरम लावतात. त्याहून बराच तापला तर त्याची पकड जाते. याचा फायदा वीस-तीस वर्षांनी कळतो: सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, कापड काढताना लाकूड सोलत नाही. फेव्हिकॉलचा भाता उघडताना फळीच्या ढलप्या निघतात.

पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर बहुधा झडपेखाली कचरा असतो किंवा झडपेची स्प्रिंग ढिली पडलेली असते. एखादी पट्टी मुकी झाली तर रीडच्या जिभेत आणि फटीत धूळ. ही पेटी खोलीतली हवा रीडमधूनच ओढते, म्हणून हा आजार वरचेवर होतो. हुकाने रीड बाहेर ओढून, मऊ कोरड्या ब्रशने झाडून परत बसवणं, एवढंच काम. तेलाचा स्प्रे मारून आलेल्या पेटीला मात्र ते दुप्पट पैसे लावतात, आणि बरोबर करतात. तेलावर बसलेली धूळ ब्रशने निघत नाही. कसरीसाठी आत कडुनिंबाचा पाला ठेवणाऱ्यांनाही तीच तंबी: पाला वाळून चुरा होतो आणि चुरा रीडखाली जातो.

सुरात लावणं हा त्यांच्या कामाचा सगळ्यात चांगला भाग, आणि वादही इथेच होतात. रीडच्या जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडे धातू कमी होतो. 61 पट्ट्यांच्या, दोन संचांच्या, म्हणजे दर पट्टीला दोन रीड असलेल्या, पेटीत 122 रीड असतात. अमेरिकेतल्या पियानो उत्पादकांनी 1891 साली ए 435, म्हणजे ए हा सूर सेकंदाला 435 कंपनांचा, हे माप स्वीकारलं होतं, त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच पेट्या आजच्या 440 पेक्षा सुमारे 20 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर वीस भाग) खाली वाजतात. देवळात शेजारी कीबोर्ड आणि गिटार आली की मंडळी म्हणते, ऑर्गन चढवून द्या. ते देत नाहीत. 122 रीडची टोकं घासून पेटीचं आयुष्य कमी करण्यापेक्षा कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग 435 वर आणा, हे त्यांचं उत्तर. मिनिटभराचं काम आहे, पैसेही लागत नाहीत. नाट्यसंगीतवाल्यांना ही अडचण नसते, तबला हवा तिथे लावून घेता येतो.

सेलेस्ट नावाच्या रीड-संचाबाबत तर त्यांच्यासारखा कान दुसरीकडे मिळणं कठीण. तो संच मुद्दाम किंचित चढा ठेवलेला असतो, दोन संचांच्या फरकातूनच ती लाट उमटते. माहीत नसलेला कारागीर तो ‘बेसूर’ समजून सरळ करतो आणि पेटी सपाट होते. तुटलेल्या रीडसाठी त्यांच्याकडे निकामी पेट्यांमधून काढलेला साठा आहे, निवड ते मूळ जिभेचा बाक आणि पीळ बघून करतात. एखादा सूर हळूहळू उतरत चालला असेल तर तो घासून चढवायला सांगू नका. बहुधा जिभेला बारीक तडा गेलेला असतो आणि काही आठवड्यांत ती तुटते.

उणिवाही आहेत. सांगितलेली तारीख पाळली जात नाही. भात्याच्या कामाला दोन महिने सांगितले तर तीन धरा. लाकडी खोक्याचं पॉलिश ते करत नाहीत, आणि पट्ट्यांवरच्या नव्या चकत्या जुन्यांशेजारी ठळकपणे पांढऱ्या दिसतात. त्याकडे त्यांचं लक्षच नसतं. स्केल-चेंजर हातपेटी घेऊन जाऊ नका. घेतात, पण मन नसतं, आणि ते काम करणारे शहरात चांगले लोक आहेत. बोलणं लांबतं. पैशांचा अंदाज तोंडी सांगतात, तेव्हा आग्रह धरून लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वर्कशॉपमध्ये दिसली नाही: रजिस्टर. देवळात बाप्तिस्म्याची नोंद ठेवतात तशी प्रत्येक पेटीची नोंद आहे. कंपनी, क्रमांक, आलेली तारीख, कुठला रीड बदलला, झडपेला कातडं कधी लावलं. पेटी विकत घेणार असाल आणि ती इथून गेलेली असेल, तर क्रमांक सांगून विचारा, पान उघडून दाखवतात.

रविवारी बंद. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत नवी पेटी घेत नाहीत, कारण तेव्हा देवळांच्या पेट्यांची रांग असते. नाटकाच्या तालमी डिसेंबरात असतील तर गणपतीआधी नंबर लावा. टेम्पोत पेटी आडवी टाकू नका, उभीच बांधा आणि पेडलखाली गोधडी कोंबा. आडव्या पेटीत सैल रीड जागेवरून सरकतात आणि ते शोधून बसवण्याचे पैसे वेगळे लागतात.