‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नाव टाकून देतो’ म्हणणाऱ्याला मी ३०,६४० रुपये दिले

आधी ७,४९०. मग १८,९००. आणि शेवटी माझीच वस्तू सोडवून आणायला ४,२५०. एकूण ३०,६४० रुपये, तिन्ही वेळा मी माझ्या हाताने पाठवलेले. हे लिहायला पाच महिने गेले, कारण लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकीला तसाच, त्याच शब्दांतला फोन आला, तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून देते. वेबसाइट नवीन केली होती, पैसे घालून, हौसेने. तीन महिने झाले तरी एक चौकशी नाही. अशा वेळी माणूस काय काय ऐकून घेतो, ते ज्याने एकट्याने व्यवसाय उभा केलाय त्यालाच कळेल. ‘गूगलच्या लिस्टिंग डिपार्टमेंटमधून बोलतोय’ म्हणणारे फोन मलाही आधी आले होते आणि मी ते कट केले होते. म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. पण या वेळी ज्याने फोन केला त्या माणसाला माझ्या वेबसाइटचं नाव, मी काय शिवते ते आणि मॅपवर माझी वेळ चुकीची दिसते हेसुद्धा माहीत होतं. मला वाटलं, ज्याला एवढं दिसतंय तो आतलाच असणार. आतला कसला? हे सगळं कोणालाही दोन मिनिटांत इंटरनेटवर दिसतं!

डिरेक्टरी म्हणजे व्यवसायांची नावं, पत्ते, फोन यांची यादी देणारी वेबसाइट. तो म्हणाला, “मॅडम, तुमचा बिझनेस पाचशे डिरेक्टऱ्यांत नाहीये, म्हणून तुम्ही सर्चमध्ये खाली आहात. आज केलं तर ७,४९०, उद्यापासून रेट बदलणार.” आज आणि उद्या. हे दोन शब्द ऐकले की फोन ठेवा.

आता ज्या क्षणाने मला अजून रात्री झोप लागत नाही, तो सांगते. मी त्याला विचारलं होतं. मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत. मी म्हटलं, “पाचशेपैकी पाच-दहा नावं तरी सांगा.” तो म्हणाला, “यादी गोपनीय असते मॅडम, कंपनीची पॉलिसी आहे.” डिरेक्टरी कशासाठी असते? लोकांनी बघावी म्हणूनच ना? मग तिचं नाव गोपनीय कसं असेल? हा प्रश्न मला पैसे गेल्यावर सुचला. मी आग्रह धरला तेव्हा त्याने पाच नावं सांगितली, ती मी वहीत लिहून घेतली. त्यांत डीमॉझ होतं आणि याहू डिरेक्टरी होती. दोन्ही नावं कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली आणि तेवढ्यावर माझं समाधान झालं.

याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. डीमॉझ १९९८ पासून होती, स्वयंसेवक संपादक एकेक साइट बघून तिथे घालत असत आणि त्यासाठी पैसे घेत नसत, पण तीही मार्च २०१७ मध्ये बंद झाली. म्हणजे जी दुकानं कधीच उठून गेली होती त्यांत माझी पाटी लावून देतो म्हणून त्याने पैसे घेतले. ती नावं टाइप करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. वही हातात होती, फोन हातात होता. बघितलं नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला माहीतच असेल. दोन आठवड्यांनी एक्सेल फाइल आली, पाचशे ओळींची. सगळीकडे हिरव्या रंगात ‘लाइव्ह’. मी पहिल्या तीन लिंका उघडल्या, पानं दिसली, माझं नाव दिसलं. पहिल्याच पानावर फोन नंबर माझा जुना होता, जो मी दोन वर्षांपूर्वी सोडून दिलाय. मी तक्रार केली तर म्हणाला, “प्रीमियममध्ये दुरुस्ती येते.” प्रीमियम १८,९००. दिले. का दिले विचाराल तर पहिले ७,४९० वाया जाऊ नयेत म्हणून.

त्याच दिवशी म्हणाला, “गूगलकडून एक कोड येईल, तो सांगा, व्हेरिफाय करून टाकतो.” बँकेचा ओटीपी मी कुणाला आईच्या गळ्याची शपथ घालूनही सांगितला नसता. हा बँकेचा नव्हता, म्हणून सांगितला. तो कोड म्हणजे गूगलच्या मॅपवर दिसणाऱ्या माझ्या व्यवसायाच्या प्रोफाइलची चावी होती, कारण आतापर्यंत ते कोणीच व्हेरिफाय केलेलं नव्हतं. प्रोफाइल त्याच्या खात्यात गेलं. महिन्याभराने मला वेळ बदलायची होती तर मला परवानगीच नाही! “ट्रान्सफर चार्ज ४,२५०.” तेही दिले. हे द्यायची गरजच नव्हती. दुसऱ्याच्या ताब्यातल्या प्रोफाइलची मालकी मागायची सोय गूगलनेच ठेवली आहे. समोरच्याने तीन दिवसांत उत्तर दिलं नाही, तर स्वतः पडताळणी करून ते परत मिळवायचा मार्ग खुला होऊ शकतो. एक पैसा लागत नाही. मुळात गूगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, बिंगचं फुकट आहे, अ‍ॅपलच्या नकाशावर नाव घालणंही फुकट आहे. यासाठी कोणी पैसे मागितले तर तो त्या कंपनीचा माणूस नाही.

नंतर मी एका रविवारी बसून पाचशेच्या पाचशे ओळी तपासल्या. ६१ पानं उघडलीच नाहीत. दोनशेहून जास्त पानं एकाच साच्याची, फक्त वरचं नाव आणि रंग वेगळा. काही ठिकाणी मी ‘वैद्यकीय साहित्य’ या विभागात होते, माझ्या वर कर्ज देणारे आणि खाली जुगाराच्या साइट. पानाच्या पत्त्याआधी इंग्रजीत ‘site:’ लावून तो गूगलमध्ये शोधला की ते पान गूगलकडे आहे की नाही याचा अंदाज येतो. मी चाळीस शोधली, तीन सापडली. आणि सापडली असती तरी काय? असल्या हलक्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गूगलच्या स्पॅम धोरणात, म्हणजे सर्चमध्ये वर यायला काय करू नये त्या नियमांत, स्पष्ट लिहिलेल्या आहेत. हे धोरण कोणालाही वाचता येतं. मीही वाचलं, सगळं संपल्यावर.

मग तक्रारी. बँकेत गेले. “मॅडम, पेमेंट तुम्हीच केलंय, तुमच्याच पिनने. हे फ्रॉडमध्ये बसत नाही.” पोलिस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, “काम केलं ना त्यांनी? यादी दिली ना? मग ताई, काम आवडलं नाही हा दिवाणी मामला झाला.” मी सांगितलं की तो गूगलचा माणूस म्हणून बोलला. “रेकॉर्डिंग आहे?” नव्हतं. सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून, प्रत्येकावर सही करून, दोन प्रती आणायला सांगितल्या. नेल्या. तर टेबलावरचे गृहस्थ रजेवर. पुन्हा गेले, तर म्हणाले की रक्कम तीन वेळा गेली आहे, तर अर्ज तीन करा. तीन केले. ग्राहक तक्रारीसाठी चौकशी केली, तिथे ऐकलं की सेवा व्यवसायासाठी घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहक ठरता का तेच आधी बघावं लागेल. मी एकटी शिवणकाम करून पोट भरते, मी ग्राहक नाही तर कोण आहे? त्या माणसाच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, ज्या कंपनीकडे नोंदवलाय तिथे लिहिलं, त्यांचं छापील उत्तर आलं की ते मजकुराला जबाबदार नाहीत. प्रत्येक जण सभ्यपणे बोलला आणि प्रत्येकाने मला पुढच्या दारात पाठवलं. या सगळ्या खेपांमध्ये माझे नऊ कामाचे दिवस गेले, ते मी ३०,६४० मध्ये धरलेले नाहीत. आणि तो माणूस अजून फोन करतोय, नव्या नावाने, नव्या बायकांना.

असा फोन आलाच तर बोलणं रेकॉर्ड करा, तेच माझ्याकडे नव्हतं. डोमेन कधी नोंदवलंय ते बघा. याचं चार महिन्यांचं होतं आणि तो ‘बारा वर्षं या क्षेत्रात’ सांगत होता. कोड कुठलाही असो, सांगू नका. आणि डिरेक्टरीत नाव घालायचंच असेल तर जिथे तुम्ही स्वतः ग्राहक म्हणून कधी काही शोधलं असेल तिथेच घाला, स्वतः टाइप करून, नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः सारखा. मला अशा चार जागा सापडल्या. चारही फुकट होत्या आणि एका दुपारी काम झालं.

माझा जुना नंबर आता कोणा दुसऱ्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्या गृहस्थांनीच वेबसाइटवरून मला शोधून फोन केला. “ताई, पडद्यांसाठी मला फोन येतात, काहीतरी करा.” मी त्या पानांवर नंबर बदलायच्या विनंत्या पाठवल्या होत्या. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, दोघांनीही दुरुस्तीचे पैसे मागितले. मी त्या गृहस्थांची माफी मागितली. त्यांना अजून फोन येतात.