शिकागोचा ‘बीन’: दुसऱ्या भेटीत उमगलेला

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ पाहायला तिकीट लागत नाही, त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा आपला नेहमीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे हे पोलादी शिल्प २००४ साली उद्यान खुले झाले तेव्हा अपुरेच होते. ते पूर्ण व्हायला २००६ साल उजाडले. सुमारे २० मीटर लांब आणि १० मीटर उंच असलेल्या या शिल्पाला लोक सरसकट ‘बीन’ म्हणतात. कपूर यांना हे नाव सुरुवातीला रुचले नव्हते म्हणे, पण आकारच घेवड्याच्या दाण्यासारखा असल्यावर लोकांना तरी बोल कसा लावावा?

पहिल्या भेटीत माझी निराशा झाली. भर दुपारची वेळ होती आणि जो तो मोबाइल उंचावून त्या चकचकीत पृष्ठभागात स्वतःलाच शोधत होता. मीही तेच केले आणि दहा मिनिटांत परतलो.

दुसऱ्यांदा आईला घेऊन सकाळी लवकर गेलो, तेव्हा मात्र पाऊल निघेना. कपूर यांना ही कल्पना पाऱ्यावरून सुचली, हे अशा वेळी सहज पटते, कारण मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या ताठ इमारती त्यात वाकून येतात आणि वरच्या अर्ध्या भागात नुसते आकाश पसरलेले असते. कमानीखालून आत गेल्यावर माथ्यावर एक खोल खळगा आहे, ज्याला ‘नाभी’ या अर्थाचे ग्रीक नाव दिलेले आहे. बाहेर ठळक दिसणारा आपला चेहरा तिथे ताणला जातो, फुटतो, अनेक होतो, आणि त्यातला आपला कोणता हे सांगता येत नाही. आईने हात हलवून पाहिला, तेव्हा कुठे तिला तिची हिरवी साडी सापडली.

मग ती पृष्ठभागावरून बोटे फिरवत जोड शोधू लागली. “भांड्याला डाग दिला की तो दिसतोच,” ती म्हणाली. येथे १६८ पत्रे वेल्डिंगने जोडलेले आहेत आणि प्रत्येक सांधा घासून, पॉलिश करून नाहीसा केलेला आहे. समोरचे सगळे दाखवणाऱ्या या शिल्पाने स्वतःच्या घडणीची खूण मात्र ठेवलेली नाही. कारागिरीची ही पराकाष्ठा मला थक्क करते आणि किंचित खटकतेही, कारण इतकी माणसे राबल्याचे पाहणाऱ्याच्या ध्यानीमनीही येत नाही.

जायचे असेल तर सकाळीच जावे. आम्ही निघालो तेव्हा सफाई कर्मचारी खालचा भाग पुसत येत होता. आईच्या बोटांचे ठसे उमटले होते तिथे तो क्षणभर थांबला, फडके दोनदा फिरवले आणि पुढे सरकला.