डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी : येशूच्या बालपणाच्या प्रमाणबाह्य कथा

येशूच्या बालपणाविषयी बायबल फार थोडे सांगते. मत्तय आणि लूक जन्माची हकिगत देतात, बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसल्याचा एक प्रसंग लूक सांगतो, आणि मधली वर्षे मोकळीच राहतात. दुसऱ्या शतकापासून ज्या प्रमाणबाह्य, म्हणजे बायबलमध्ये न घेतलेल्या, कथांनी ही मोकळी जागा भरली, त्या मुळाजवळ जाऊन वाचायच्या असतील तर बार्ट एहरमन आणि झ्लात्को प्लेशे यांनी संपादित केलेला ‘द अपॉक्रिफल गॉस्पेल्स : टेक्स्ट्स अँड ट्रान्सलेशन्स’ हा ग्रंथ घ्यावा, असे माझे मत आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०११ साली काढलेल्या या सहाशेहून अधिक पानांच्या ग्रंथात चाळीसच्या वर प्रमाणबाह्य शुभवर्तमाने आणि त्यांचे तुकडे आहेत. त्यांतल्या फक्त पहिल्या भागाविषयी, म्हणजे बालपणाच्या कथांविषयी, मी इथे लिहितो आहे.

ग्रंथाची मांडणी हेच त्याचे मोठे बळ आहे. डाव्या पानावर ग्रीक, लॅटिन किंवा कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर असल्यामुळे, ज्याला ग्रीक जेमतेम लावता येते त्यालाही एखादा शब्द अडला की नजर फक्त बाजूला न्यावी लागते. प्रत्येक संहितेआधी तिचा काळ, हस्तलिखिते आणि अभ्यासाचा इतिहास सांगणारी प्रस्तावना आहे. पाठभेदांची नोंद मात्र जुजबी आहे.

थोमाच्या नावावर असलेल्या बालपणाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात होते, आणि भाषांतराची खरी कसोटीही तिथेच लागते. पाच वर्षांचा येशू शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी ओढ्याकाठी मऊ चिखलाच्या बारा चिमण्या करतो. तक्रार आल्यावर वडील योसेफ रागावतो, मुलगा टाळी वाजवून चिमण्यांना जायला सांगतो आणि त्या चिवचिवत उडून जातात. इथवरची कथा सर्वांना आवडते. पण त्याच ओढ्यावर शास्त्र्याच्या मुलाने येशूने साठवलेले पाणी फांदीने वाहवून दिले म्हणून तो मुलगा येशूच्या शापाने वाळून जातो, दुसरा एक मुलगा धावताना खांद्याला धडकला म्हणून जागच्या जागी मरतो, आणि गावकरी योसेफाला येऊन सांगतात की पोराला शाप द्यायला नव्हे, आशीर्वाद द्यायला शिकव, नाहीतर या गावात राहू नकोस. भाविक मनाला हे टोचते, आणि या गोष्टी पुन्हा सांगताना त्यांचे काटे काढून टाकण्याचा मोह होतो. संपादकांनी तो मोह पूर्ण टाळला आहे. मुलाचे बोलणे ग्रीकमध्ये जितके कठोर आहे तितकेच भाषांतरात आहे, आणि ‘मी शिष्य शोधत होतो, मला गुरू मिळाला’ असे म्हणत रडकुंडीला आलेला, येशूला अक्षरे शिकवायला गेलेला जक्कय मास्तरही तसाच करुण उतरला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे गोकुळातला कृष्ण आठवल्यावाचून राहणार नाही. मला ही तुलना फार पुढे नेण्यासारखी वाटत नाही, कारण गोकुळाला त्या खोड्यांचे कौतुक आहे, तर या गावाला मुलाची धास्ती आहे; छपरावरून पडून मेलेल्या जेनो या सवंगड्याला येशू उठवतो, योसेफाचा मुलगा याकोब याला चावलेल्या सापाचे विष उतरवतो, तशी ती हळूहळू विरते.

याकोबाचे आद्यशुभवर्तमान वाचताना मी सर्वांत जास्त थांबलो. मरीयेच्या आईवडिलांची योवाकीम आणि अन्ना ही नावे बायबलमध्ये नाहीत, ती इथून आली. अपत्य नसलेली अन्ना बागेत झाडाखाली बसते, वर पाहते तो चिमण्यांचे घरटे, आणि तिचा विलाप सुरू होतो : पाखरांनाही पिल्ले आहेत, पाण्यालाही, मातीलाही, मग मी कोणासारखी? हे पान वाचताना मला गोव्यातील तिसवाडीतले तळावलीचे संत अन्नांचे चर्च आठवले, जिथे जुलैअखेरच्या तवशांच्या फेस्ताला मूल हवे असलेली जोडपी काकडी वाहून नवस बोलतात. वांद्र्याची मोत माउलीची जत्राही मरीयेच्या जन्मदिवसाची, ८ सप्टेंबरच्या आसपासची. आणि मरीयेच्या जन्माची कथा बायबलमध्ये नाही; ती सांगते ते हेच शुभवर्तमान.

याच संहितेच्या अठराव्या अध्यायात योसेफ सुईण शोधायला निघतो आणि एकाएकी सगळे जग थबकते. पाखरे आकाशात स्थिर होतात. जेवणाऱ्या मजुरांचे हात भांड्यातच राहतात, घास उचललेल्यांचे तोंडाशी पोचत नाहीत. मेंढपाळाची उगारलेली काठी वरच राहते. करडांची तोंडे पाण्याला लागलेली असतात आणि ती पीत नाहीत. क्षणात सारे पुन्हा चालू होते. जन्माचे वर्णन न करता जन्माचा क्षण असा दाखवणारे दुसरे काही माझ्या वाचनात नाही, आणि केवळ या परिच्छेदासाठीही मी हा ग्रंथ घेतला असता.

मत्तयाच्या नावावर चालणारे लॅटिन शुभवर्तमान त्यामानाने सैल आहे, पण गव्हाणीपाशी बैल आणि गाढव तिथेच भेटतात, हे नाताळचा गोठा सजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. योसेफ सुताराचा कॉप्टिक इतिहास मुख्यतः त्याच्या मृत्यूविषयी आहे.

एक उणीव मला मनापासून खटकते. सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळींची जुनी भाषा) आणि अरबी भाषांतली बालपणाची कथा यात नाही. अरबी संहिता हेन्री सीके याने १६९७ साली उत्रेख्त येथे लॅटिन भाषांतरासह छापली होती, म्हणजे ती अज्ञात नाही. संपादकांनी भाषांची मर्यादा घालून घेतली हे समजण्यासारखे आहे, तरी आपल्याशी जिचे नाते आहे ती शाखा नेमकी हीच. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे भरवलेल्या धर्मसभेने मलबारच्या ख्रिस्ती लोकांच्या ज्या सिरियाक पुस्तकांवर बंदी घातली, त्यांत तारणाऱ्याच्या बालपणाचे पुस्तकही होते. या कथा भारतात वाचल्या जात होत्या आणि त्या वाचू नयेत असा आदेश गोव्याच्या आर्चबिशपांच्या सभेत निघाला, हे ज्याला माहीत आहे त्याला तेवढी जागा रिकामी दिसत राहते.

शिवाय थोमाच्या कथेचा छापलेला ग्रीक पाठ बऱ्याच उशिराच्या हस्तलिखितांवर उभा आहे. हॅम्बर्गच्या ग्रंथालयात बिनमहत्त्वाचा म्हणून पडून राहिलेला पपायरसचा एक लहान तुकडा चिमण्यांच्या याच कथेचा, चौथ्या-पाचव्या शतकातला आहे, हे २०२४ साली जाहीर झाले. संपादकांना तो मिळणे शक्य नव्हते, पण पुढच्या आवृत्तीत तो यावा.

ज्यांना मुळाची गरज नाही त्यांच्यासाठी याच संपादकांची फक्त इंग्रजी भाषांतराची आवृत्ती २०१४ साली निघाली आहे. मी मात्र द्विभाषिकच घ्या म्हणेन, आणि आधी थोमा न उघडता याकोबाचा अठरावा अध्याय उघडा.