पणजीचं एक मराठी दैनिक: बातमी ठळक, ‘जाहिरात’ बारीक

ग्रामसभा, खाणीचे ट्रक, पाण्याची बोंब, तालुक्याच्या बातम्यांना तोड नाही. घोडं अडतं वाढदिवस पुरवणीत. आमदाराची अर्धपान स्तुती बातमीच्याच टायपात, वार्ताहराचं नाव नाही, ‘जाहिरात’ हा शब्द तळाला मुंगीएवढा. ओळखायची खूण सोपी: तोच मजकूर दुसऱ्या दैनिकातही शब्दशः असतो. चूक पहिल्या पानावर, खुलासा आत, निविदांच्या गर्दीत!

तक्रारीसाठी आधी संपादकाला लेखी पत्र, मग कात्रणासह प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे; दैनिकासाठी मुदत छापल्यापासून २ महिने. १९७८ च्या कायद्याने कौन्सिल ताकीद देतं, दंड नाही. म्हणजे नुसती कानउघाडणी. तरी पत्राची पोच जपून ठेवा, तिच्याविना तक्रार लंगडी पडते.

शब्दकोडं मात्र झकास.