दादरचा स्पॅनिश क्लास आणि एक ‘या’

मुलगी मेक्सिकोत, ग्वादालाहाराला असते. व्हिडिओ कॉल चालू असताना तिने जेवायला हाक मारली की नातू आतून ओरडतो, ‘या बॉय!’ मला वाटायचं, कुठल्या पोराला बोलावतोय हा? मोबाइलवरच्या अ‍ॅपला विचारलं. ‘या’ म्हणजे ‘आधीच’, ‘व्हॉय’ म्हणजे ‘मी जातो’. आधीच मी जातो? आणि पोरगा तर धावत टेबलाशी येतोय!

शेवटी रानडे रोडजवळच्या गल्लीतला शनिवारचा क्लास लावला. दहा शनिवार, दोन-दोन तास, फी 8,500. वयाच्या 58 व्या वर्षी जरा जिवावरच आलं होतं.

पण तिसऱ्या शनिवारी पैसे वसूल झाले. बाईंनी ‘या’चा अर्थ सांगितलाच नाही, नुसती वाक्यं फळ्यावर लिहीत गेल्या. ‘या एस्ता’, झालं! ‘या लो से’, माहितीये मला. ‘या वेरेमोस’, बघू पुढचं पुढे. ‘नो व्हिवो आकी’ म्हणजे मी इथे राहत नाही, एवढंच. वाक्याच्या सुरुवातीला ‘या’ लावला की आधी राहायचे, आता नाही. म्हणजे काहीतरी बदललंय किंवा आता बदलणार, ते हा शब्द सांगतो. आपण हेच काम कधी ‘आता’वर, कधी ‘झालं’वर, कधी नुसत्या ‘च’वर भागवतो. ‘या कोमिस्ते?’, जेवण झालं का? नसेल झालं तर ‘तोदाविया नो’, अजून नाही.

आणि ‘या व्हॉय’ म्हणजे आपलं ‘आलोच’! ‘व्ह’चा उच्चार ते ‘ब’सारखा करतात, म्हणून मला ‘बॉय’ ऐकू यायचं. गंमत बघा, आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो आणि ते लोक येताना ‘जातो’ म्हणतात.

घरी सराव करताना मी ‘या, या’ म्हणत होते, म्हणजे ‘हो हो, कळलं’. आतून सासूबाई, ‘कोण आलंय गं?’

तक्रारी आहेत. एका खोलीत बावीस जण, पंख्याचा खडखडाट, आणि नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात ‘एन’वरची नागमोडी रेघ उडाली होती. स्पॅनिशमध्ये वय सांगताना ‘माझ्याकडे अमुक वर्षं आहेत’ म्हणतात, वर्षं म्हणजे ‘आन्योस’. रेघ गेली की त्याचं ‘आनोस’ होतं. मी भर वर्गात तसंच मोठ्याने वाचलं. त्याचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. बाईंनी हसू दाबत दुरुस्त केलं, पण नोट्स मात्र अजून त्याच आहेत.

जाणार असाल तर दहा मिनिटं आधी पोचा आणि पुढचा बाक धरा. पंख्याखाली बसलात तर ‘या’ आणि ‘ला’ सारखेच ऐकू येतात. आणि नोट्सवरच्या रेघा पेनाने आपल्या आपण काढून घ्या.