नाणेघाट-जुन्नर-पांडवलेणी सातवाहन ट्रिप: गाईडला पैकीच्या पैकी, नियोजनाला थोडे कमी

सातवाहनांवर खास काढलेली दोन दिवसांची गाईडेड ट्रिप आहे, पहिल्या दिवशी नाणेघाट आणि जुन्नर, दुसऱ्या दिवशी नाशिकची पांडवलेणी. बरेच जण कशी आहे विचारतायत म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, नक्की जा. फक्त रील काढायला जाणार असाल तर जमणार नाही, कारण इथे लेण्यात उभं राहून निवांत शिलालेख ऐकायचे असतात.

नाणेघाटाला जुन्नरकडून बस घाटमाथ्यापर्यंत जाते आणि गुहा माथ्यापासून थोडीच खाली आहे, त्यामुळे घरच्या मोठ्यांनाही जमेल. आत नागनिका राणीचा लेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. गाईड मॅडमना ब्राह्मी स्वतःला वाचता येते, अक्षरावर टॉर्च धरून त्या वाचून दाखवतात, अश्वमेध, राजसूय, दान दिलेल्या हजारो गाई, आणि ते आकडेसुद्धा अंकात कोरलेले. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी हे सुरुवातीचे सातवाहन राजे, नागनिका वगैरेंच्या मूर्ती होत्या, आता पायांच्या खुणा आणि वर नावं एवढंच राहिलंय. मग बाहेर येऊन त्या दगडी रांजण दाखवतात, यात जकात टाकायचे असं सांगतात, आणि तिथूनच खाली कोकण दाखवत मुद्दा सांगतात की कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला, पुढे पैठणला जायचा, म्हणजे हा घाट ज्याच्या हातात त्याच्या हातात पैसा. सातवाहन मोठे कसे झाले ते इथे उभं राहिल्यावर लगेच कळतं.

जुन्नरचा भाग मात्र घाईत उरकला. लेण्याद्री झालं, पण मानमोडीला वेळच उरला नाही. तिथे नहपान क्षत्रपाच्या (क्षत्रप म्हणजे सातवाहनांचे प्रतिस्पर्धी शक राजे) अमात्याचा, अयमाचा लेख आहे, म्हणजे सातवाहनांच्या हातून हा मुलूख गेला होता त्याचा पुरावा, आणि नेमका तोच सुटला याचं मला खरंच वाईट वाटलं. सकाळी बस उशिरा आली नसती तर झालं असतं.

पांडवलेणी हा ट्रिपचा कळस. आधी 10 नंबरचं लेणं, नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजावर ठेवले आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च, हे सगळं भिंतीवर कोरलंय. मग 3 नंबर. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीची 18 व्या वर्षाची आज्ञा आहे, उषवदाताकडे असलेलं शेत भिक्षूंना दिल्याची, म्हणजे लढाई जिंकल्यावर जमिनीची मालकी कशी बदलली ते सरळ वाचायला मिळतं. तिथेच त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख, क्षहरात वंश (नहपानाचं घराणं) निर्मूल केला, सातवाहन कुळाचं यश परत उभं केलं, असं मुलाबद्दल लिहिलेलं, आणि लिहिलंय नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षी. मॅडमनी वाचलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले होते. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला सापडलेल्या 13 हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचंही सांगितलं, नहपानाच्या नाण्यांवरच गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे गोष्ट विजयावर थांबवत नाहीत. पुढे रुद्रदामन या क्षत्रप राजाने एका सातकर्णी राजाला दोनदा हरवलं पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं, हे त्याच्या जुनागढच्या लेखात आहे. यज्ञश्री सातकर्णीने परत जोर धरला, त्याच्या काळाच्या आसपास जहाजाची नाणी निघत होती, पण तिसऱ्या शतकात राज्य फुटलंच, आंध्रात इक्ष्वाकू, वनवासीला चुटु, इकडे आभीर. आणि आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख कुठे तर याच 10 नंबरच्या लेण्यात! एकाच टेकडीवर क्षत्रप, सातवाहन, आभीर या तिन्ही सत्तांचे लेख, हे मी आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पैठण ट्रिपमध्ये नाही, राजधानीच वगळली हे पटलं नाही, तीन दिवसांची करा असं आयोजकांना सांगितलंय. जेवण साधं पण गरम. पांडवलेणीला पायऱ्या बऱ्याच आहेत, पाणी आणि टोपी ठेवा. पावसाळ्यात नाणेघाटाला प्रचंड गर्दी असते, लेख वाचायचा असेल तर हिवाळ्यातली बॅच घ्या.